दहा मोल पाणी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये दळवी सरांकडे कुणी गेलं की ते विचारायचे, "दहा मोल पाणी घेणार?" नवखा माणूस घाबरून नको म्हणायचा. मग सर साधं ग्लासभर पाणी आणून द्यायचे आणि शिकवायला बसायचे. सगळी नोकरी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्यात गेलेली. "डझन म्हणजे बारा, तसं मोल म्हणजे सहावर तेवीस शून्यं. इतके कण मोजणार कोण? म्हणून तोलायचे. अठरा ग्रॅम पाणी, झाला एक मोल."

तोलण्यामागे खरी भीती होती. "कमी-जास्त झालं तर?" हे ते चहात साखर घालतानाही म्हणत. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, ब्लडप्रेशर निघालं, डॉक्टरांनी मीठ बेतानं खा म्हटलं, तर सर सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटाच घेऊन आले. वहिनींचं दिवसाचं मीठ सकाळीच तोलून वाटीत. वहिनी मला म्हणायच्या, "माझी आमटी लॅबमध्ये शिजते गं."

गेल्या महिन्यात एका सकाळी सरांनी आमची बेल वाजवली. पायात चपला नव्हत्या.

"ही मला 'बसा' म्हणतेय," ते म्हणाले. "पाहुण्याला म्हणतात तसं."

रिक्षा करून आम्ही वहिनींना हॉस्पिटलात नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम एकशे सोळा मिलीमोल. हवं एकशे पस्तीसच्या वर. मिलीमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग, हे मला सरांनीच कधीतरी शिकवलेलं. त्या दिवशी ते कागद धरून डॉक्टरीणबाईंसमोर उभे राहिले. म्हणाले, "मीठ मी तोलत होतो. मीच कमी केलं."

"मिठानं नाही हो, काका. प्रेशरच्या गोळीनं झालंय. ती बंद केलीय. आता सोडियम हळूहळू चढवायचं. घाई केली तर मेंदूला त्रास."

सरांना गोळीचं काही पटलं नाही. सलाइनच्या थेंबांवर नजर लावून बसले. येईल त्या नर्सला विचारायचे, "फार वेगानं नाही ना जात?"

दुपारी वहिनींनी डोळे उघडले. सरांकडे परक्यासारखं पाहत माहेरच्या मालवणीत म्हणाल्या, "आमचे हे घराक एकटेच आसत. तेंका कुकर लावूक येणा नाय. जरा बघून येशात?"

मी म्हणाले, "अहो वहिनी, हेच तर..."

सरांनी मला हातानं थांबवलं. एरवी कायम पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस वाकून म्हणाला, "बघून येतंय."

ते बाहेर गेले. मी मागोमाग गेले, तर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे होते. थोड्या वेळानं रुमालानं तोंड पुसलं आणि आत आले.

"बघून इलंय. जेवले ते. आता पडले आसत."

वहिनी निर्धास्त झोपल्या.

सोडियम हळूहळू चढलं, आठवड्याच्या आत त्या घरी आल्या. त्या दुपारचं त्यांना काहीच आठवत नाही. सरांनी सांगितलेलं नाही, आणि मीही नाही.