मेंबर बेटावर

उपसरपंचाच्या निवडणुकीच्या दिवशी सकाळी रविंद्र मेंबर सहलीला निघाला, आणि तोही स्वतःच्या पायांनी. बोरमाळ गावात अशा दिवशी सहलीला गेलेले मेंबर पुष्कळ होते. निवड चुरशीची असली की मेंबरांना जीपमध्ये घालून अलिबाग-महाबळेश्वराकडे न्यायचं आणि मतदानाच्या वेळेला थेट पंचायतीच्या दारात आणून उतरवायचं, ही रीतच होती. पण त्या सहलीला न्यायला कोणीतरी यावं लागतं. आपण होऊन निघालेला रविंद्र पहिलाच.

खरं म्हणजे तो मेंबर नव्हताच. वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून त्याची बायको कल्याणी उभी राहिली, निवडून आली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव रविंद्रला मेंबर म्हणू लागलं. कल्याणी बैठकीला जाऊन सही करायची. बाकीचं अवघड काम, म्हणजे पारावर बसणं, लोकांचा चहा पिणं आणि प्रत्येकाला 'बघतो' म्हणणं, रविंद्र करायचा. त्याला ते मनापासून आवडायचं. एरवी त्याला हाक मारायला कोणाकडे काही कारण नव्हतं.

आता घोळ असा झाला होता की सावळेरामच्या पॅनेलकडे तीन मतं होती, हौशीरामच्या पॅनेलकडे तीन, आणि सातवं मत कल्याणीचं. ते मत रविंद्रच्या खिशात आहे, अशी दोन्ही पॅनेलची पक्की समजूत होती, आणि रविंद्रची तर होतीच. सावळेराम येऊन गेला तेव्हा रविंद्र म्हणाला, "तुमचंच काम हाय, काळजी करू नका." हौशीराम येऊन गेला तेव्हाही हेच म्हणाला. नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. निवडणुकीचा दिवस उजाडला तरी कोणाचा शब्द मोडायचा हे त्याला सुचलं नव्हतं.

"आज दोन्हीकडची माणसं उंबरा झिजवत्याल," कल्याणी चुलीपुढून म्हणाली. "तुमी जरा बाहेर जावा. मोहसीनभाई आन् पोपटभावजी डिंभ्याच्या पाण्यावर चाललेत म्हणं. बैठक दोन वाजता हाय. तवर या म्हंजी झालं."

रविंद्रला ही कल्पना एकदम पटली. मेंबर घरी सापडला नाही की भाव वाढतो, हे त्याला ठाऊक होतं.

मोहसीनचं मंचरला बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि पोपट घोडेगावच्या शाळेत क्लार्क होता. तिघे एकाच बाकावर बसून नापास झालेले, त्यामुळे दोस्ती घट्ट. मोहसीनच्या व्हॅनमधून ते धरणाच्या पार आतल्या अंगाला गेले. मे महिना असल्याने पाणी खूप मागे हटलं होतं. एरवी बुडालेली जमीन उघडी पडून तिथे वाळूचा लांबलचक पट्टा झाला होता, आणि पाण्यात मध्येच चार बाभळींचं एक बेट वर आलं होतं. एक होडीवाला सोडला तर आसपास चिटपाखरू नव्हतं.

"बघ राव, गोव्याला कशाला जायचं?" पोपट म्हणाला.

त्या होडीवाल्याने त्यांना बेटावर सोडलं. होडी वळवता वळवता तो ओरडला, "चारला येतो!"

रविंद्र होडीमागे दोन पावलं धावला. "चारला? मला दोनला पंचायतीत जायचंय!"

"त्याला बारालाच यायला सांगितलंय रे," मोहसीन तिकडे न बघता म्हणाला. "तो आपला असाच बोलतो."

"मग चार कशाला म्हणला?"

"त्याची सवय हाय ती."

ही कसली सवय, असं रविंद्रच्या मनात आलं. त्याने फोन काढला. रेंज नव्हती. मोहसीनचा फोन मागितला तर मोहसीन म्हणाला, बॅटरी उतरली. बॅटऱ्यांच्या दुकानदाराची बॅटरी उतरली! रविंद्र बाभळीखाली बसला आणि नीट विचार करू लागला.

मोहसीनने व्हॅनमधून उशी आणली होती. दुपारी बाराला परतणारा माणूस उशी कशाला आणील? कल्याणीने बांधून दिलेलं गाठोडं उघडलं तर त्यात भाकरींची अशी चळत होती की लग्नाच्या वरातीला पुरावी. तिला बिचारीला काय कल्पना, ह्या दोघांनीच जास्त मागितल्या असणार. आणि पोपट! पोपटने तव्यावर मासळी भाजली आणि पहिला, सगळ्यांत मोठा तुकडा रविंद्रच्या पानात वाढला. शाळेत असल्यापासून पोपटने कधी कोणाला मोठा तुकडा दिलेला नव्हता.

'उचललं आपल्याला,' रविंद्रला कळून चुकलं. 'सहलीच्या नावाखाली उचललं.'

प्रश्न एवढाच होता, की कोणासाठी? मोहसीन सावळेरामच्या ट्रॅक्टरला बॅटऱ्या बसवायचा, म्हणजे तो सावळेरामचा. पण पोपटची मावशी हौशीरामच्या घरात दिलेली, म्हणजे तो हौशीरामचा. मग दोघे मिळून एकाच माणसाला कसे उचलतील? रविंद्रने खूप डोकं खाजवलं. शेवटी त्याने एकेकाला गाठायचं ठरवलं.

"पोपट, खरं सांग. सावळेरामनं सांगितलं ना तुला?"

"काय सांगितलं?"

"मग हौशीरामनं?"

"आरं, मासळी खा. काटा अडकंल."

म्हणजे बोलायचं नाही असं ठरलंय. तो मोहसीनकडे गेला. मोहसीन उशीवर डोकं ठेवून आडवा झाला होता.

"मोहसीन, तू माझा लहानपणचा दोस्त. कोण हाय ह्याच्या मागं?"

मोहसीनने एक डोळा उघडला. "रव्या, तुला ऊन लागलंय. झोप जरा."

"झोपवताय मला? आसं व्हय!"

त्यानंतर त्याने मासळीला हात लावला नाही. काय घातलं असेल सांगता येत नाही. भूक मात्र कडाडून लागली होती, म्हणून कोरडी भाकरी तेवढी चावत बसला, कारण ती घरची होती. पण त्या भाकरीबरोबर त्याला एक गोष्ट सुचली आणि तो एकदम ताठ बसला. ज्याने आपल्याला उचललं, त्याला मत नाही! दोघांना दिलेल्या शब्दाचं लचांड परस्पर सुटत होतं. फक्त दोनच्या आत पंचायत गाठायला हवी होती, आणि उचलणारा कोण ते कळायला हवं होतं.

सूर्य डोक्यावर आला आणि कलला. होडी आली नाही. पोपट घोरू लागला. बेटाच्या पलीकडच्या अंगाला साळुबाई नावाची एक म्हातारी आपल्या छोट्या होडीत उभी राहून जाळं ओढत होती. रविंद्र चपला हातात घेऊन चोरपावलांनी तिकडे निघाला. काठाजवळ वाळू संपली आणि खाली गाळ लागला. पहिल्या पावलाला तो घोट्यापर्यंत गेला, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत आणि तिसऱ्याला एक चप्पल धरणाला अर्पण करून कमरेपर्यंत.

"मावशे! मला पलीकडं सोड! मला पळवून आणलंय!"

साळुबाईने जाळं सोडून बेटाकडे पाहिलं. बाभळीखाली एक जण उशी घेऊन झोपला होता आणि दुसरा तोंड उघडं टाकून घोरत होता.

"ह्यांनी?" तिने विचारलं.

"व्हय, ह्यांनीच!"

"बांधलं-बिंधलं नाय का तुमाला?"

"मावशे, राजकारण हाय. तुला नाय कळायचं. हात दे."

साळुबाईने हात दिला. त्या ओढाताणीत रविंद्र होडीत पडला आणि त्याच्याबरोबर बराच गाळही. आवाजाने पोपट जागा झाला आणि काठापर्यंत धावत आला.

"रव्या! कुठं चाललास? थांब की गड्या! आता वैनीला काय सांगू आमी?"

"सांगा, तुमचा मालक सुटला म्हणावं!" रविंद्र होडीत उभा राहून ओरडला आणि साळुबाईने दरडावल्यावर लगेच खाली बसला.

पलीकडे रस्त्यावर मंचरच्या बाजाराला कांदा घेऊन निघालेला एक टेम्पो मिळाला. ड्रायव्हरने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. "पावणं, मागं बसा. गोण्यांवर." रविंद्र गोण्यांवर बसला. वाटेत चिखल वाळून कपड्यांचा पापड झाला, पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. पंचायतीत शिरल्यावर काय बोलायचं, ते तो मनात जुळवत होता. 'गावकऱ्यांनो, मला बेटावर डांबून ठेवण्यात आलं.' हे वाक्य त्याला फार आवडलं. त्याने ते गोण्यांना दोनदा म्हणून दाखवलं.

तो एका चपलेवर पंचायतीपाशी पोचला तेव्हा दोन कधीच वाजून गेले होते. दारात गुलाल सांडला होता आणि सावळेराम व हौशीराम एकाच बाकावर शेजारी शेजारी बसले होते. ते कधी एका रस्त्यानेही जात नसत. त्याला पाहताच दोघे ताडकन उठले.

"रविंद्रराव, सुटलात का?" सावळेराम म्हणाला. "ह्या हौशीरामानं कुठं डांबलं व्हतं तुमाला?"

"म्यां?" हौशीराम उसळला. "आरं, तूच न्हेलंस ना ह्याला? सकाळी माणसं धाडली तर घरी नाय, फोन लागंना, सहलीला गेला म्हणं!"

"मलाबी तसंच सांगितलं!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी रविंद्रकडे पाहिलं.

"मग मत?" रविंद्रने घाबरत विचारलं. "कल्याणीचं मत कुणाला पडलं?"

"मत कसलं?" सावळेराम कपाळाला हात लावत म्हणाला. "मला वाटलं, मालक ह्यानं उचललाय, आता वैनी जाणार त्याच्याकडं. म्हणून मी पळत तुमच्या घरी गेलो आन् म्हणालो, वैनी, तुमीच उभ्या ऱ्हावा, आमची तिन्ही मतं तुमाला."

"आन् तू निघालास तसा मी गेलो," हौशीराम पडल्या आवाजात म्हणाला. "मीबी तेच म्हणालो."

अर्ज एकच आला होता, कल्याणीचा. निवड बिनविरोध झाली होती.

रविंद्र दाराशी गेला. आत टेबलामागच्या खुर्चीत कल्याणी बसली होती. कपाळावर गुलाल होता आणि ती ग्रामसेवकाला कसलासा हिशेब परत वाचायला लावत होती. दारातला चिखलाचा पुतळा पाहून ती उठून बाहेर आली आणि त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुमी एवढ्यात कसं आला? चारपर्यंत बसवून ठिवा म्हणलं व्हतं म्यां मोहसीनभाईंना."

 गोण्यांना म्हणून दाखवलेलं वाक्य रविंद्र पार विसरला.

"तू? तू उचललंस मला?"

"मग काय करू? दोघांनाबी शब्द देऊन बसला व्हता. एकाला दिलं आसतं तर दुसऱ्यानं जल्मभर तोंड बघितलं नसतं तुमचं. मी म्हणलं, मत माझं हाय, मी माझ्या मनानं टाकीन. आन् तुमी घरी आसता तर मला कुणी इचारलं आसतं का?" तिने त्याच्या बाहीवरचा वाळका चिखल झटकला. "पुढचं ह्या दोघांनीच केलं. म्यां काय बी केलं नाय."

"आगं, पण मला सांगायचं तरी!"

"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी दोघांनाबी सांगितलं आसतं."

ते अगदी खरं होतं. रविंद्रला वाईट वाटलं. आपण इतके दिवस मिरवलं ते सगळं आज तिच्याबरोबर आत जाऊन बसलंय, हे त्याला स्पष्ट दिसलं. पण आता कोणालाही शब्द द्यायचा नाही, या विचाराने थोडं हायसंही वाटलं. ग्रामसेवकाने दारातून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, बैठक सुरू आहे. आणि भाऊ, सदस्य सोडून कोणी आत नको. फरशी नुकतीच पुसलीय."

कल्याणी आत गेली. जाता जाता म्हणाली, "घरी जाऊन आंघोळ करा. चप्पल उंबऱ्याबाहेर ठिवा."

रविंद्र पायरीवर बसला. तेवढ्यात खालच्या आळीतले एक आजोबा काठी टेकत आले आणि नेहमीप्रमाणे त्याच्यापुढे थांबले. "मेंबर, लई दिस झालं, आमच्या नळाला पाणी नाय. तेवढं बघा की."

रविंद्रच्या ओठांवर सवयीने 'बघतो' आलं. त्याने ते गिळलं. मग तो उठला, आजोबांचा हात धरून त्यांना पायरी चढवली आणि दार ढकलून म्हणाला, "आत जावा, बाबा. मेंबर आत हायेत."