पान्याला ताप हाय

आमचे शेजारी दामूकाका चहा पिण्याआधी कपात थर्मामीटर बुडवतात. स्वतःच्या घरी बुडवला असता तर माझी तक्रार नव्हती. ते आमच्याकडे येऊन बुडवतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि माझ्या बायकोला ऐकवतात, "सूनबाय, जरा लवकर उतरवलास." तोच थर्मामीटर सकाळी गावच्या तळ्यात बुडून आलेला असतो, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

भिवंडीच्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, काका बॉयलरवर होते. ड्युटी संपली, पण बॉयलर डोक्यातून उतरला नाही. ग्रामसभेत मारामारी झाली? मे महिना, ताप. कुणाचा पोरगा नापास झाला? पत्र्याचं घर, ताप. मी राहनाळच्या शाळेत विज्ञान शिकवतो, हा त्यात माझा गुन्हा. प्रत्येक शोध लावला की काका आधी माझ्या दारात.

तळ्यात काही वर्षांपूर्वी मांगूर शिरले. परदेशातून आलेला मिशाळ, काळा मासा. तोंडासमोर येईल ते गिळतो, म्हणून तो पाळायलाही बंदी आहे. तळ्यातली बारकी मासळी, बेडूक हळूहळू दिसेनासे झाले. गाव मांगरांना शिव्या देऊन मोकळं झालं. काकांनी मात्र तळ्याकाठच्या एका कारखान्याच्या पाइपाकडे बोट दाखवलं. तिथून वाफाळतं पाणी तळ्यात पडायचं.

"गुरजी, पान्याला ताप हाय. ऊन पान्यात मांगराची भट्टी जोरात चालते. मंग तो एकटा दोघांचा खातो."

"काका, मासा म्हणजे बॉयलर नव्हे," मी वर्गातल्या 'ढ' मुलाशी बोलतो तसं बोललो.

"न्हाय कसा? दोघांना बी जाळायला लागतोच ना काय तरी!"

मग ते मला ओढत कारखान्याचे मालक सलीमभाईंकडे घेऊन गेले. सलीमभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, पानी को बुखार है तो डॉक्टर को दिखाओ. मैं क्या करू?" सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चप्पल घातली.

आठवड्याभरात त्यांनी त्याच कारखान्याच्या अंगणात दोन पिंपं मांडली. एकात विहिरीचं गार पाणी, दुसऱ्यात पाइपातलं कोमट. प्रत्येकात एक मांगूर आणि मूठभर बारके मासे. दोन्ही मांगूर मीच निवडले, अगदी सारख्या अंगाचे. काकांची फजिती झाली तर ती शास्त्रशुद्ध व्हावी, एवढाच माझा हेतू. दिवसभर ते थर्मामीटर घेऊन पिंपांभोवती घिरट्या घालत होते, पाणी निवलं की पाइपाखाली बादली धरत होते. कामगार येता-जाता विचारत, "काका, शादी कौन से ड्रम में है?"

संध्याकाळी पिंपांवरची जाळी काढली. गार पिंपात निम्म्याहून जास्त बारके मासे फिरत होते. कोमट पिंपात फक्त मांगूर.

मी उगाच चष्मा पुसला. सलीमभाईंनी त्या पिंपात वाकून पाहिलं. "मेरे वालिद इसी तालाब में गल डालते थे," ते म्हणाले, आणि काकांकडे वळून मराठीत आले, "हौद बांधतो. पाणी थंड झाल्याशिवाय सोडणार नाय."

हौद बांधला. थंडीत तळं खरोखर निवलं, मांगूर सुस्तावले, आणि गावाने जाळी टाकून ते काढायला सुरुवात केली. काठावर रोज एकच विषय. ही घाण तळ्यात कोणत्या गाढवाने सोडली? सगळ्यांत चविष्ट शिव्या मी दिल्या. काका खाली मान घालून जाळं सोडवत होते.

बाकीचे चहाला गेले तेव्हा ते म्हणाले, "गुरजी, तो गाढव मीच."

मला वाटलं, हाही एखादा नवा शोध.

"तुजी काकू आजारी व्हती. दवाखान्यातून येताना बाजारात परातीत मांगूर बघितलं तिनं, जिवंत, तडफडत व्हतं. म्हनाली, सोडवा वो यांना. सगली परात उचलली, हितं आनून सोडली. काठावर बसून हसली. लय दिसांनी हसली व्हती." त्यांनी जाळ्यातून एक मासा सोडवला. "दोन म्हैन्यांत गेली. मला काय म्हाईत, हे काय मासं हायेत ते."

त्यांच्या हातात एक मांगूर होता, अजून वळवळणारा. तो टोपलीत टाकायला त्यांना जमत नव्हतं.

मी मासा त्यांच्या हातातून घेतला, टोपलीत टाकला आणि त्यांना म्हणालो, "तुम्ही जरा तिकडे बघा, काका. उरलेले मी काढतो."