संगप्पा कूलरवाले यांच्या भवानीची हकीकत

श्रीवीरभद्र समर्थ. कसबे उदगीर येथे थोर मोहीम जाहली, ती जैसी घडली तैसी लिहितो. लेखकाने उभय पक्षांकडील चहा घेतला आहे, सबब पक्षपात नाही.

राजमान्य राजश्री संगप्पा कूलरवाले यांनी, यंदा ऊन कहर करील ऐसा कयास बांधोन, चैत्रमासी चाळीस कूलरांची फौज दुकानी दाखल केली, आणि मग वैशाखात गनीम दोहों बाजूंनी चालोन आला. आभाळातून अवकाळी पाऊस उतरला, आणि सरकारातून वाढीव घरपट्टीचे कागद उतरले, आणि रयत आधी भिजली, मग पिळली गेली, आणि बाजारात गिऱ्हाईक औषधालाही मिळेना.

संगप्पांचा तीस सालांचा शिरस्ता ऐसा की, भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, जाहल्याविना घरून आलेला जेवणाचा डबा उघडणे नाही. तीन दिवस डबा जैसा आला तैसाच माघारी गेला. चौथे दिवशी संगप्पांच्या खाशा कुटुंबाचा, नागम्माबाईसाहेबांचा, हुकूम डब्यासोबतच सुटला: "आज डबा भरल्याला परत आला, तर उद्यापास्नं दुकानाला कुलूप. लेकीकडं बिदरला जाऊन राहू." तीस सालांची दौलत एका डब्यावर आली, हे जाणोन संगप्पांना घाम फुटला. कूलर चाळीस असोन उपयोग नाही.

दोन प्रहरी अंगणवाडीच्या पंचफुलाबाई पाऊस चुकवावयास दुकानी शिरल्या. संगप्पांनी स्वहस्ते खुर्ची पुसोन दिली, आणि मग खातिरदारीचे भरात कूलर सुरू केला, आणि ओलेत्या बाई हुडहुडोन बोलल्या, "अण्णा, बंद करा की ते! कूलर कुणाला पायजे? घरपट्टी भरून हात रिकामे झालेत, अन् पत्र्यातून धार लागलीय. त्या कूलरवरचं प्लास्टिक केवढ्याला?"

प्लास्टिक हा मुळी मालच नव्हे. परंतु पहिले गिऱ्हाईक विन्मुख दवडू नये, हाही शिरस्ताच. संगप्पांनी वीस मागितले, बाईंनी दहा दिले, आणि नोट कपाळी लावोन संगप्पांनी डबा उघडिला, आणि चार दिवसांची भूक एका बैठकीत भागविली. मग बातमी गल्लोगल्ली फुटली, गळक्या घरांच्या बाया धावोन आल्या, आणि दिवेलागणीपावेतो चाळीसही कूलर उघडे पडले.

संगप्पा विजयी मुद्रेने घरी दाखल जाहले. नागम्माबाईसाहेबांनी डबा हलवोन पाहिला, रिकामा वाजला, आणि त्यांचे डोळे भरोन आले. मग पदर डोळ्यांस लावोन विचारत्या जाहल्या, "आवं, आपल्याबी माजघरात गळायलंय. एखादा तुकडा आणलाव का?"

संगप्पांनी रिकामे हात दाखविले. मग बाईसाहेबांनी तोच रिकामा डबा धारेखाली मांडिला.

येणेप्रमाणे उदगिरी फत्ते जाहली. दुकान राहिले. कूलर चाळीसही शाबूत. डबा घटकाभरात पुनश्च भरला.