साहेबांची मोसंबी

शनिवारी सकाळी पॅकिंग खात्यात पाचांपैकी एकटा रेमंड आला, आणि श्यामकांत पितळेला रागावताही येईना. बाकी चार जणांच्या रजा त्यानेच मंजूर केल्या होत्या. चांगला मॅनेजर कसं व्हायचं ते शिकायला कंपनीने त्याला दोन दिवसांच्या क्लासला पाठवलं होतं. तिथे मिळालेल्या सायक्लोस्टाइल कागदावर दुसरा नियम होता: माणसांवर विश्वास ठेवा. त्याने ठेवला. एकाची दाढ, एकाचं कोर्ट, जॉनीची काकी सिरियस, गिल्बर्टला ताप.

अंधेरीच्या त्या पंख्यांच्या कारखान्यात श्यामकांतचे सहा महिने सोमवारी भरत होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते वर्क्स मॅनेजर टिपणीस ठरवणार. आणि खात्यातली माणसं तर त्याने काही सांगितलं की आधी गिल्बर्टकडे बघायची. गिल्बर्टने मान हलवली तर काम सुरू.

म्हणून त्याने पाचवा नियम काढला: आजारी माणसाला घरी जाऊन भेटा.

"रेमंड, मी मनोरीला जाऊन येतो. गिल्बर्टला बघतो."

रेमंडच्या हातातला हातोडा खाली आला. "कशाला साहेब? उतरला असेल ताप. लांब पडतं, होडी लागते."

"लागू दे."

"आणि लागट ताप आहे तो साहेब. तुम्हाला व्हायचा."

श्यामकांतने अर्धा डझन मोसंबी घेतली. मार्व्याच्या होडीत बसून तो पुटपुटत होता, "बरं वाटतंय का? बरं वाटतंय का?" आवाजात माया यायला पाहिजे होती.

मनोरीत त्याने गिल्बर्टचं घर विचारलं, तर म्हाताऱ्याने बँडच्या दिशेला बोट दाखवलं. घरापुढे मांडव. उद्या गिल्बर्टच्या बहिणीचं, नॅन्सीचं लग्न, आणि आज वाजतगाजत विहिरीवर नवरीच्या आंघोळीचं, उंबराचं पाणी आणायला निघालेली माणसं. दाढवाला मटण चावत होता. कोर्टवाल्याच्या गळ्यात ढोल. जॉनीने त्याला बघून जिचा हात सोडला, ती सर्वांत पुढे नाचणारी बाई म्हणजे काकी, हे जॉनीच्या तोंडावरूनच कळलं. मधोमध सुटातला गिल्बर्ट. त्याने बोट वर केलं आणि बँड थांबला.

श्यामकांतने तोंड उघडलं. बाहेर आलं तेच, जे पाठ होतं.

"बरं वाटतंय का?"

आणि मोसंब्यांची पिशवी पुढे केली. गिल्बर्टने ती घेतली.

"हा बोलला साहेब येणार नाय," गिल्बर्टची आई म्हणाली. "मी बोलले, येणार." तिने श्यामकांतच्या खिशाला फूल खोचलं, हातात छत्री दिली. विहिरीपर्यंत आणि परत, घागरवाल्या बाईच्या डोक्यावर श्यामकांतने छत्री धरली.

संध्याकाळी तो बोरिवलीला घरी पोचला, तर दारात अनोळखी बूट. आत टिपणीस पोहे खात होते. टीपॉयवर मोसंबी.

"तीनला तुमच्या खात्यात गेलो," टिपणीस म्हणाले. "रेमंड म्हणाला, पितळे साहेबांना ताप आला, घरी गेले."

"मी यांना कधीची सांगतेय," त्याची बायको वसुधा म्हणाली, "अहो, सकाळी डबा घेऊन धडधाकट गेलेत म्हणून."

श्यामकांतने मनातल्या मनात सगळा कागद चाळला. याला नियम नव्हता. टिपणीसांनी खिशातलं फूल बघितलं, बुटावरची रेती बघितली.

"मीही त्याच क्लासला होतो, पितळे. तुमच्या आधीच्या बॅचला." त्यांनी मोसंबी पुढे सरकवली. "बरं वाटतंय का?"

त्यापेक्षा मेमो परवडला असता.

सोमवारी श्यामकांत अर्धा तास आधी कारखान्यात पोचला. पाचही जण येऊन शनिवारची खोकी ठोकत होते. दुपारपर्यंत ट्रक भरला, आणि संध्याकाळी कायम केल्याचं पत्र आलं. त्यावर टिपणीसांचा शेरा: माणसं सांभाळतो, क्लासचा फायदा दिसतो.

निघताना गिल्बर्ट टेबलापाशी घुटमळला. "साहेब, आई विचारत होती, मोसंबी कुठनं घेतली? लय गोड होती."

"तुझी असतील गोड," श्यामकांत म्हणाला. "माझी काही घशाखाली उतरली नाहीत."