शोध दीड, वाट अडीच

दाजींच्या मते कोकणात तीनच गोष्टी बघण्यासारख्या होत्या: देवगडचा हापूस, विजयदुर्गाचा तट आणि स्वतः दाजी. त्यातला हापूस दोन महिने मिळतो, तट जागचा हलत नाही. दाजी मात्र बारमाही आणि फिरते. वजनमापे खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली होती: 'दाजी. खासगी अन्वेषक. गुन्हा लहान असो वा मोठा, छडा लागेल. दुपारी दोन ते चार बंद.' पाटी लागल्यापासून गावात गुन्हा असा एकच घडला. पाटी चोरीला गेली. तिचा छडा अजून लागायचा होता, म्हणून त्यांनी तूर्त दुसरी लावली.

तुकारामाची रिक्षा हे आपलं शासकीय वाहन आहे आणि तुकाराम आपला सहायक आहे, असं दाजी समजत. तुकाराम काय समजत होता ते छापण्यासारखं नाही. एकदा पावसात त्याने माणुसकीने "दाजीनू, खंय सोडू?" एवढं विचारलं होतं, तेव्हापासून हा माणूस रिक्षातून उतरला म्हणून नाही.

एरवी तुकाराम त्यांना चुकवायला आडवाटेने जायचा. या वेळी मात्र इलाज नव्हता, कारण प्रकरण त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. मथुरा नवऱ्यामागे धामापूरच्या तळ्याजवळ खानावळ चालवायची आणि आल्यागेल्याला एक खोली द्यायची. दोन वर्षांपूर्वी पुण्याची अक्षया तिच्याकडे उतरली. नोकरी कॉम्प्युटरची आणि छंद असा, की ऐकून तुकारामाने रिक्षा बाजूला घेऊन हसून घेतलं होतं. या मंडळींनी रानात एक डबा लपवायचा. जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. मग कुठलीकुठली माणसं हातात उपग्रहाचं यंत्र घेऊन यायची, डबा हुडकायची, आतल्या चिटुकल्या वहीत सही करायची, एखादी किल्लीची साखळी उचलून बदल्यात शिंपला ठेवायची, आणि डबा होता तस्सा परत ठेवून घरी जायची. घरून नोंद करायची, 'सापडला' नाहीतर 'नाही सापडला'. सही केली नसेल तर सापडला म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म.

"म्हणजे लपवतले तेच आणि शोधतले तेच," तुकाराम म्हणाला होता. "पोलिसांक बरोच आराम."

डब्यांच्या त्यांनी जातीही लावल्या होत्या. एक साधा, एक टप्प्याटप्प्याचा, एक कोड्याचा. आकार बोटाच्या पेरापासून बादलीपर्यंत. वर पाचापैकी दोन गुण: शोधायला किती अवघड आणि वाट किती बिकट. अक्षयाने तळ्यापलीकडे काजऱ्याच्या झाडाच्या मुळाशी ठेवलेला डबा जातीने साधा, आकाराने मध्यम, शोध दीड, वाट अडीच.

हसण्यावारी नेलेला हा डबा मथुरेला मात्र लाभला. शोधायला येणारे जेवायला तिच्याकडे यायचे आणि नोंदीत लिहायचे, 'डबा सापडला. बांगड्याचं तिखलं सापडलं ते जास्त बरं.' ते वाचून आणखी यायचे. दिवाळीनंतर मुंबईहून अशा हौशी लोकांचा मोठा जथा येणार होता, त्याच्या भरवशावर मथुरेने मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या. भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढायची होती, आणि तेवढ्यात इंटरनेटवर ओळीने नोंदी पडल्या: नाही सापडला, नाही सापडला, नाही सापडला. अक्षयाचा फोन आला. शनिवारी ती येणार होती. डबा का गेला हे तोवर कळलं नाही, तर जागा सुरक्षित नाही म्हणून यादीतून काढावी लागणार होती, नुसता नवा डबा ठेवून चालणार नव्हतं. मग जथाही गोव्याकडे वळणार.

"ते इले नाय तर मी त्या भिंतींचा काय करू?" मथुरा म्हणाली. "आत मिरची पेरू?" ती हसत म्हणाली खरी, पण रोज सकाळी त्या उघड्या भिंती बघायची तिला धास्ती वाटायला लागली होती, आणि ते तुकारामाला दिसत होतं.

दाजी न बोलावता आले. ओटीवर मांडी घालून बसले. मथुरेने रीत म्हणून खटखटे लाडवांचा स्टीलचा डबा पुढे सरकवला आणि ती चुलीकडे गेली.

"तुकाराम, प्रथम घटनेची पुनर्रचना करू," दाजी म्हणाले. तपासात ते प्रमाण मराठी बोलत, भूक लागली की मालवणी. त्यांनी लाडवांचा डबा ओटीच्या खांबाशी नेऊन ठेवला. "हा खांब म्हणजे काजरा. आणि समजा, हा तो डबा."

"समजलो."

"गुन्हेगार येतो." दाजी चवड्यांवर चालत खांबाशी आले. "इकडेतिकडे पाहतो. डबा उघडतो." त्यांनी उघडला. "आतला ऐवज काढतो." त्यांनी लाडू काढला. पुढची पुनर्रचना तोंड भरल्यामुळे मूकपणे झाली. मग त्यांनी तळाचा चुरा काढायला डबा उपडा करून ठोकला आणि भिंग लावून बुडावर कोरलेलं नाव वाचलं. "सौ. मथुरा. म्हणजे हा डबा याच घरचा. पाहिलंस, याला निरीक्षण म्हणतात."

"तिच्या घरात तिचोच डबो," तुकाराम म्हणाला. "कमाल झाली."

दाजींना अक्षयाची वर्गवारी फार आवडली. त्यांनी ती ताबडतोब संशयितांना लावली. पहिला बाबू, कारण तो काजऱ्याच्या वाटेवर राहतो. "जात साधा, आकार मोठा, शोध एक, वाट चार."

"वाट चार कित्याक?"

"त्याचं घर टेकडीवर आहे. माझे गुडघे तुझ्या लक्षात येत नाहीत."

बाबूला त्यांनी दरडावून विचारलं, "गेला पंधरवडा तू कुठे होतास?"

"वैभववाडीक. सासरवाडीत."

"साक्षीदार?"

"सासू आसा."

दाजी तिला फोनवर काय बोलले ते कळलं नाही. ती काय बोलली ते मात्र फोन दाजींच्या कानाला असूनही रस्त्यापलीकडे ऐकू गेलं. दाजींनी नोंद केली, साक्षीदार बिकट, पाच, आणि बाबूला निर्दोष सोडलं.

दुसरा संशय माकडांवर गेला. वर्षभरापूर्वी माकडांनी तिथला डबा एकदा फोडला होता, असं मथुरा चुलीकडून सांगायला लागली होती. पण दाजींनी हात वर करून तिला थांबवलं. "बाई, पूर्वेतिहास मला नको. माझी बुद्धी कोरी राहू दे." ती कोरी राहिली. शेवटी माकडांना इंटरनेट माहीत नसतं, सबब त्यांना अक्षांश कळणार नाहीत, या मुद्द्यावर माकडंही सुटली.

उरला भाई. भाईचं किनाऱ्यावर दोन मजली लॉज होतं. धंद्यातली असूया, हा हेतू दाजींना रिक्षात बसल्याबसल्या सापडला. जात कोड्याचा, शोध साडेचार. भरदुपारी, म्हणजे पाटीवरच्या सुट्टीच्या वेळात, दाजी लॉजच्या मागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढले आणि तिथेच अडकले. एक पाय भाईच्या हद्दीत, दुसरा सरकारी, खाली भाईचा कुत्रा.

"रे तुकारामा," ते हळूच म्हणाले, "माका खाली घे." भूक नसतानाही मालवणी आली, यावरून तुकारामाने प्रसंग ओळखला. उतरता उतरता दाजींनी गडग्यावरचा एक डबा मात्र झडप घालून पकडला. तो भाईच्या गळाच्या आमिषाचा निघाला. तीन दिवसांची सुंगटं, म्हणजे कोळंबी, होती. रिक्षाला तो वास पुढे कितीतरी दिवस राहिला, आणि त्याचे गुण लावायला दाजींनी नकार दिला.

शनिवारी अक्षया आली. येताना काजऱ्याशी जाऊन आली होती, मुळाशी नुसती भोकं आणि मुंग्या. मथुरेने तिला पाणी दिलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तुकाराम बहिणीकडे बघेना. त्याला वाटत होतं, आपण आठवडाभर या माणसाला रिक्षातून फिरवण्याऐवजी चार घरी नीट विचारायला हवं होतं.

दाजींनी मात्र सभा भरवली होती. चहाच्या निमित्ताने भाईलाही बोलावलं होतं. ओटीच्या मधोमध लाडवांचा डबा ठेवून ते उभे राहिले.

"मंडळी, पुन्हा समजा, हा तो डबा. आता असा माणूस डोळ्यासमोर आणा, की ज्याला या डब्याचा मोह आवरत नाही. जो तो परत परत उघडतो." त्यांनी उघडला. "ज्याच्या हाताला त्यातल्या ऐवजाचा वास आहे. तो माणूस या क्षणी याच ओटीवर आहे." आणि लाडू धरलेला हात त्यांनी भाईकडे केला.

"माझ्या हाताक सुंगटांचो वास आसा," भाई शांतपणे म्हणाला. "माझो आमिषाचो डबो कोणी नेलो तां आधी सांगा."

एवढ्यात शेजारची आनंदी काकी कॅरीबॅग घेऊन पायरी चढली. तिने सभेकडे लक्ष दिलं नाही. "मथुरे, डबो मी त्याच दिवशी हाडून दिलंय, पण आतली खेळणी माझ्याकडेच ऱ्हवली गो. कोणा पोरांची आसतली म्हणान सांभाळून ठेवलंय."

कॅरीबॅगेत किल्लीच्या साखळ्या होत्या, शिंपले होते, आणि सह्यांची चिटुकली वही होती.

"काकी," अक्षया हळू आवाजात म्हणाली, "हा डबा तुम्हाला कुठे मिळाला?"

"थयसर, काजऱ्याच्या मुळात. गवत कापूक गेल्लंय. डबो उपडो केलंय तर नाव मथुरेचा. म्हटलं, ह्या बायचा चित्त खंय आसता, लग्नातलो डबो रानात टाकून येता. घासलंय, ओटीर ठेवलंय. रिकामो कसो धाडूचो, म्हणान काजूगर घातलंय."

आता मथुरेला आठवलं. अक्षयाचा प्लास्टिकचा डबा माकडांनी फोडला, तेव्हा तिनेच आपल्या सेटातला एक काढून दिला होता. "खानावळीचे धा डबे जातत, धा येतत," ती म्हणाली. "काजूगर काढलंय, लाडू भरलंय." हसावं की रडावं कळेना, म्हणून खाली बसून तिने दोन्ही केलं.

सगळ्यांनी दाजींच्या हाताखालच्या डब्याकडे पाहिलं. दाजींनी तोंडातला लाडू सावकाश गिळला.

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय?" ते म्हणाले. "समजा, हा तो डबा."

अक्षयाने वही आनंदी काकीपुढे धरली. नोंदीचा मान तिचा होता. पण काकी सही करेना. "मी शोधूक नाय गो. माका तो गावलो." नाव पुसून डबा परत ठेवू, असं अक्षयाने सुचवलं, तर मथुरा तयार होईना. नाव तिच्या आईने घालून घेतलं होतं. आणि नाव आहे तोवर डबा ज्याचा त्याला पोचवणार, हे काकीने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

तेव्हा अक्षयाने डब्याची जातच बदलली. साध्याचा टप्प्याटप्प्याचा केला. टप्पा पहिला, काजऱ्याचं मूळ. तिथे नसल्यास टप्पा दुसरा, मथुराताईंची ओटी. जेवणाच्या वेळी यावं. जथा गोव्याकडे वळला नाही. कौलं चढली, आणि त्या दिवशी तुकारामाने स्वतः वर उभं राहून शेवटचं कौल बसवलं.

जथा येऊन गेल्यावर अक्षयाने त्यांची नोंद तुकारामाला फोनवर वाचून दाखवली.

'सापडला. झाडाखाली नव्हता, ओटीवर होता. आत वही आणि दोन लाडू उरले होते. डबा मांडीवर घेऊन एक गृहस्थ बसले होते. सही तिथेच मांडीवर केली, कारण डबा मागितला तर म्हणाले, पुरावा आहे, देता येत नाही, तपास चालू आहे.'