गोंड्याची टोपी

फिटर आज खुशीत होता. गटाराच्या पाइपात कॅमेरा सोडायचं शिक्षण संपलं होतं, आता परीक्षा. पास झाला की चेंबरात उतरणं कायमचं सुटणार होतं. पण मास्तरांनी गाडी उभी केली ती नेमकी फिटरच्याच दारात.

"ही लाइन सारखी तुंबते. कशानं ते शोधा, म्हणजे पास."

कशानं ते फिटरला पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंनी विणलेली केशरी टोपी, गोंड्यासकट, त्यानंच या चेंबरात सोडली होती. ती घातली की डोक्यात मुंग्या फिरत. घरी मात्र त्यानं वाऱ्यानं उडाली म्हणून सांगितलं होतं.

"सर, पलीकडची गल्ली घेऊ. तिथं घाण जास्त आहे."

"परीक्षा तुमची आहे की गल्लीची?"

पायरीवर विणत बसलेल्या सासूबाई खुर्ची ओढून थेट गाडीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी आल्या. शेजारी बसलेले सासरेबुवा मात्र उठले. "मी जरा आत पडतो."

"बसा हो. जावयाचं कौतुक बघायचं सोडून पडताय काय?"

फिटरनं कॅमेरा मुद्दाम वरच्या अंगाला पिटाळला. तिकडं पाइप लख्ख.

"पाणी खाली वाहतं," मास्तर म्हणाले. "फिरवा."

कॅमेरा फिरला, थोडा पुढं गेला आणि थबकला. पडदा केशरी झाला. गोंडा पाण्यात संथपणे मान डोलवत होता.

"ही माझी वीण आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते वाऱ्यानं..."

"वाऱ्यानं लोखंडी झाकण उचललं वाटतं."

मास्तर पडद्यावर वाकले होते. "एवढ्याशा टोपीनं लाइन तुंबत नाही. रेटा पुढं."

टोपी बाजूला सरली. मागं एक निळी टोपी होती. तिच्यामागं तपकिरी मफलर, आणि मफलरला बिलगलेले दोन हातमोजे.

फिटर डोळे फाडून बघत राहिला. यातलं काहीच त्याचं नव्हतं. मग त्याला आठवलं, कुंडी सरकवायची म्हणून सासरेबुवांनी त्याच्याकडून झाकण उचलायचा आकडा नेला होता. दोनदा.

सासूबाईंनी सावकाश मान वळवली. "कुत्र्यानं नेलं म्हणालात ना?"

सासरेबुवा चपलांकडं बघत बसले. मास्तरांनी फिटरला पास केलं आणि गाडी निघून गेली.

सासूबाईंनी लोकरीचा नवा गुंडा सोडला. "आता दोघांना स्वेटर विणायला घेते. चांगले जाड. बघू कसे जातात त्या भोकातून."

त्या आत गेल्यावर सासरेबुवा फिटरच्या कानाशी लागले.

"जावईबापू, या लायनीला मोठा पाइप कधी टाकताय?"