साडेअकराचा इन्स्पेक्टर

"एका डोळ्यानं मीटिंग, एका डोळ्यानं मालिका! ब्रह्मदेवाच्या बापालाही पत्ता लागायचा नाही!" हेडक्लार्क बाईंनी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं. बाईंचा आत्मविश्वास दांडगा. नडला तोच!

साथीचे दिवस होते. विमा कंपनीचं ऑफिस बंद होऊन बाईंच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं. नवरा कामासाठी परगावी गेला तो तिकडंच अडकला. घरात उरल्या दोघी. सासूबाई दिवसभर बातम्यांतले आकडे ऐकायच्या आणि ताटावरून तशाच उठायच्या. बोलणंही जवळजवळ बंद.

आणि एक दिवस टीव्हीवर पस्तीस वर्षांपूर्वीची गुप्तहेर मालिका पुन्हा सुरू झाली. सुरुवातीचं संगीत वाजलं मात्र, सासूबाई ताडकन उठून बसल्या!

"अगं, हा भाग मी तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊन पाहिलाय! पिस्तूल निघालं की मेलं कार्टं भोकाड पसरायचं!"

त्या दिवशी सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. बाईंना वाटलं, डॉक्टरला जमलं नाही ते या इन्स्पेक्टरनं केलं! पण सासूबाईंची एक अट होती. "एकटीनं बघण्यात काय मजा? चोर कोण ते आधीच सांगायला शेजारी कुणीतरी हवं ना!"

मालिका साडेअकराला. मीटिंगही साडेअकराला! आणि संध्याकाळच्या पुनःप्रसारणापर्यंत थांबतील तर त्या सासूबाई कसल्या! मग बाईंनी लॅपटॉप टीव्हीच्या बरोबर समोर मांडला. माइक बंद, नजर लॅपटॉपच्या वरून थेट टीव्हीवर. चार दिवस झकास गेले. मॅनेजर साहेब तर सगळ्यांना म्हणाले, "हेडक्लार्क बाईंकडून शिका! पापणी लवत नाही त्यांची!"

पाचव्या दिवशी साहेबांनी मध्येच विचारलं, "बाई, जुन्या फायलींचं काय झालं?"

बाईंनी झटकन माइक सुरू केला. "कालच पाठवल्या, साहेब!" आणि नेमके त्याच क्षणी मालिकेतल्या हॉटेलचे दिवे गेले. किंकाळी! हिऱ्यांचा हार गायब! बाईंचा हात हवेतच राहिला आणि माइक राहिला सुरू. तिकडं साहेबांचं नेटवर्क गेलं. पडद्यावर त्यांचा चेहरा थिजला, एक भुवई वर, तोंड अर्धवट उघडं. आणि इन्स्पेक्टर गरजला,

"कुणीही जागचं हलायचं नाही! चोर तुमच्यातच आहे! मुकाट्यानं कबूल करा, नाहीतर एकेकाच्या घराची झडती घेईन!"

मीटिंगमध्ये सगळे एकदम ताठ बसले. साहेबांचा आवाज एवढा कधी चढला नव्हता. पण नेटवर्कमध्ये कुणाचाही आवाज कसाही येतो!

"साहेब, ती फिरती खुर्ची मीच घरी आणलीय!" टायपिस्ट रडकुंडीला आली. "कंबर धरली होती हो माझी!"

"प्रिंटर माझ्याकडं आहे," स्टोअरकीपर पुटपुटले. "मुलीच्या अभ्यासासाठी..."

मग खात्यातल्या सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यांचा खोल आवाज आला. "साहेब, पोटात ठेववत नाही. महिनाभर मीटिंगला मी नाही, माझा फोटो बसतोय!"

आता कुठं बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. माइक बंद करायला त्या धावल्या, तर बंद झाला कॅमेरा! तेवढ्यात साहेबांचं नेटवर्क परत आलं. आणि कानानं जरा कमी असल्यामुळं नेहमी टिपेच्या आवाजात बोलणाऱ्या सासूबाई टीव्हीतल्या इन्स्पेक्टरवर कडाडल्या,

"अरे, सगळ्यांना काय विचारत बसलायस? त्या मॅनेजरला धर! केस ओढ त्याचे, खोटे आहेत मेल्याचे!"

त्या बोलत होत्या हॉटेलच्या मॅनेजरबद्दल. पण इकडं साहेब पांढरेफटक पडले! तीन महिने केशकर्तनालयं बंद. सगळं ऑफिस अस्वलांच्या कळपासारखं दिसत होतं. फक्त साहेबांचा भांग तेवढा पट्टीनं आखल्यासारखा! त्यांचा हात हळूहळू डोक्याकडं गेला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" साहेब एवढंसं तोंड करून म्हणाले. आणि त्यांनी टोप काढून ठेवला! डोकं घासलेल्या तांब्यासारखं चकाकलं. "उकाड्यात फार टोचतो हो!"

"सापडला!" टीव्हीत इन्स्पेक्टर ओरडला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. ऑफिसला वाटलं, टाळ्या साहेबांच्या धाडसासाठी आहेत. मग सगळ्यांनीच वाजवल्या!

बाईंना राहवेना. नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीनं त्यांनी कॅमेरा सुरू केला. "साहेब, माफ करा. तो आवाज टीव्हीचा होता. हॉटेलातून हार चोरीला गेला, मॅनेजर तो त्या हॉटेलचा! सासूबाई एकट्या बघत नाहीत, म्हणून मी..."

साहेबांनी टकलावरचा घाम पुसला. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे हार हॉटेलच्या मॅनेजरनंच चोरला? काय हे बाई! आम्ही सगळे संध्याकाळचं पुनःप्रसारण बघतो. शेवट सांगून टाकलात ना!"

तासाभरात लेखी आदेश निघाला. मीटिंग उद्यापासून सव्वाबाराला!

दुसऱ्या दिवशी साडेअकराला बाई लॅपटॉप मिटून, पाय पसरून, विजयी मुद्रेनं सासूबाईंच्या शेजारी बसल्या. संगीत वाजलं. इन्स्पेक्टर आला. सासूबाई मात्र चुळबुळ करायला लागल्या.

"काय झालं, आई?"

"याचा शेवट ठाऊक आहे गं मला," सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "त्यापेक्षा तुझी ती मीटिंग कधी लागते? काल सांगितलंस त्या फोटोवाल्याचं पुढं काय झालं?"